बंद खिडकीतलं ऊन

विषाणूंविरुद्धची मानवजातीची लढाई सध्या कुवेत शहरातल्या मिरकाब भागात, आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून लढली जाते. सेनापती म्हणजे माझे शेजारी, मूळ नाशिकचे, तेल कंपनीत इंजिनिअर. लिफ्टमध्ये कोणी शिंकलं की ते आधी विचारतात, "झिंक घेता का?" आणि मग, "बरं नाही का?"

यंदा त्यांची म्हातारी आई थंडीत पहिल्यांदाच कुवेतला येणार होती. ऑफिसातला फ्लू आपल्यामार्फत तिच्यापर्यंत पोचेल, या धास्तीने त्यांनी रक्त तपासून घेतलं, तर ‘डी’ व्हिटॅमिन अगदीच कमी. "एवढ्या उन्हाच्या देशात!" ते अपमान झाल्यासारखे म्हणाले. "आता गोळी नाही, ऊनच घेणार. फुकट आहे."

मग दर सुट्टीला ते बाह्या दुमडून उन्हात बसू लागले. मधे मला ताप आला, तेव्हा दाराच्या कडीला संत्री आणि मुगाच्या खिचडीचा डबा अडकवून त्यांनी बाहेरूनच फोन केला. "व्हिटॅमिनं शरीरातल्या सैन्याला जेवू घालतात हो, लढायचं सैन्यानंच. झोपा आता."

पुढच्या तपासणीत त्यांचं ‘डी’ आणखी घसरलं. डॉक्टरांनी विचारलं, "बसता कुठे?"

"हॉलमध्ये, खिडकीशी."

"खिडकी उघडी?"

"छे, एसी चालू असतो ना!"

काचेतून ऊन आत येतं, ‘डी’ तयार करणारे किरण बाहेरच राहतात. ते मुकाट्याने गोळ्या घेऊ लागले.

आई थंडीभर राहिली आणि एकदाही न शिंकता परत गेली. निघण्याआधी तिने नाशिकलाच फ्लूची लस टोचून घेतली होती.