अंबूबाईचा रविवार

१९६४ साली मी अकोल्याला कापडाच्या एका पेढीत कारकून होतो. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळच्या गाडीने अमडापूरला घरी यायचं आणि सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने परत जायचं, हा क्रम. मधला रविवार आईचा, असं ठरलेलं. वडील गेल्यापासून माझी आई, अंबूबाई, घरात एकटीच होती.

प्रत्यक्षात तो रविवार गावाचा असे. पंचायत समित्या नव्याने निघालेल्या, त्यामुळे अख्ख्या गावाला कसले ना कसले अर्ज करायचे होते आणि गावात बी.कॉम. मी एकटा. सकाळी सातला इंद्रभान पाटील विहिरीचा कागद घेऊन ओट्यावर बसत. शेवटचा माणूस उठेपर्यंत दिवेलागण होई. आई चहा करकरून थके आणि दारातून माझी पाठ पाहत राही.

त्या रविवारी मी उठलो तर ओटा रिकामा. दाराच्या चौकटीला कडुनिंबाच्या डहाळ्या. आमच्याकडे घरात कोणाला देवी आल्या की दाराला निंब बांधतात. मग बाहेरचं माणूस त्या घरात पाऊल टाकत नाही.

"आई, कोणाले आल्या देवी?"

"तुले," आई म्हणाली. "चूप पडून राह्य."

"मले तं काईच नाही झालं!"

"मले नाही माहीत काय? देवीले आधी इचारलं म्या. म्हटलं, माय, एक दिवस तुहं नाव घेतो. ते काई बोलली नाही."

तेवढ्यात इंद्रभान पाटील आले. निंब दिसताच त्यांनी चपला काढल्या, लांबूनच हात जोडले आणि विहिरीचा कागद घेऊन परत गेले. आई दाराआड पदर तोंडाला लावून हसत होती.

अडचण दुपारी आली. आईने माझ्यासाठी वांगी आणली होती, वड्यांची डाळ भिजवली होती. पण देवीच्या घरात ना फोडणी, ना तळण. त्यात शेजारी जनकाबाई, ज्यांचं नाक तीन घरं ओलांडून जाई. आईने कढई चुलीवर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. शेवटी आम्ही दही-भाकर खाल्ली.

"अंबूबाई, पोराले फोडणीचं नोको देजा वं!" भिंतीपलीकडून जनकाबाई.

"नाही वं माय," आई वांग्यांकडे पाहत म्हणाली.

जेवण झाल्यावर ती माझ्यासमोर बसली. तिने म्हशीचं सांगितलं, मी माझ्या अकोल्याच्या खोलीतल्या खाटेचं. अर्ध्या तासात दोघांचंही संपलं. मग तिने माझ्या सदऱ्याची बटणं शिवायला घेतली. पक्की होती तीही तोडून पुन्हा शिवली. इतकं खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सोमवारी गाडी आली. आई पोचवायला आलेली. मी पायरीवर पाय ठेवला तोच मागून जनकाबाई ओरडल्या, "ओ कंडक्टर! त्याले देवी आल्या हायेत!"

गाडीतली माणसं पलीकडच्या बाजूला सरकली. कंडक्टरने माझं तोंड निरखलं. "तोंडावर तं काई दिसून नाही राह्यलं."

"आतून हायेत!" जनकाबाई म्हणाल्या.

"मंग बाहेर येऊन, वाळून गेल्यावर या भाऊ. उतरा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. पदर सावरून ती सगळ्या गावासमोर पुढे आली. "कंडक्टरभाऊ, त्याचं काई नाही, म्या..."

नोकरीला लागल्यापासून मी एकही खाडा केला नव्हता आणि आमचे शेठ खाडा खपवून घेणारे नव्हते. तरी मी पिशवी खाली घेतली.

"बरोबर हाय त्याइचं," मी म्हणालो. "रातच्यापासून कणकण वाटून राह्यली मले."

गाडी गेली. आई जनकाबाईंना म्हणाली, "पाच दिवस तं राहाच लागते आता त्याले," आणि घराकडे वळली. वळणापलीकडे जनकाबाई दिसेनाशा झाल्या, तशी आई इतकी भरभर चालू लागली की मला, कणकण आलेल्या माणसाला, तिच्यामागे पळावं लागलं.