बारीकरावांची पूड

आमच्या धाकट्या भावोजींना अख्खी गल्ली बारीकराव म्हणते. अंगाने नव्हे हो, अंगाने माणूस दारात मावत नाही. पीठ बारीक दळतात म्हणून. भुवयांवर कायम पिठाचा थर, आणि चिमटीत पीठ चोळत गिऱ्हाइकाला सांगणार, "बघा, पावडर आहे पावडर!" मला हा माणूस लग्न होऊन आले तेव्हापासून डोळ्यांसमोर नको असतो. आमच्या ह्यांना मात्र भाऊ म्हणजे जीव की प्राण. वडील लवकर गेले, तेव्हा शिक्षण सोडून ह्यांनीच त्याला गिरणी टाकून दिली. तेव्हापासून भाऊ म्हणेल ती पूर्व दिशा.

बारीकरावांनी कुठूनतरी ऐकलं, जवात एक चिकट तंतू असतो, तो कोलेस्टेरॉल उतरवतो. झालं! जव दळून पुड्या बांधायला सुरुवात. ह्यांच्या छातीत एकदा कळ येऊन गेलेली, डॉक्टरांनी रोजची गोळी लावलेली. भावोजी म्हणाले, "दादा, ती औषधं कशाला पोटात ढकलतोस? माझी पूड खा. कोलेस्टेरॉल मलाही आहे, मी तीच खातो." आणि ह्यांनी गोळी सोडली. मी डोकं आपटलं, पण माझं ऐकतंय कोण!

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल पार चढलेलं. डॉक्टर भडकलेच. "जवाने थोडा फरक पडतो, खोटं नाही. पण कामाचा तंतू जाडसर भागात जास्त असतो. आणि गोळी सोडायला कोणी सांगितलं?"

मी तडक गिरणीत गेले. भावोजी जवाचं पीठ चाळत होते. चाळणीतला जाडसर भाग गोठेवाल्याच्या पोत्यात, खालची पावडर पुडीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावोजी, औषध म्हशींना आणि नुसती पावडर भावाला?"

"दादाच्या घशाला टोचायचं, वहिनी. म्हणून चाळलं."

"तुमचं कौतुक गेलं चुलीत! संध्याकाळी घरी या आणि गोळी घे म्हणून तुमच्या तोंडाने सांगा. ह्यांना काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही."

आले. चहासुद्धा नको म्हणाले. चाळणीची चूक मान खाली घालून सांगितली. मला वाटलं, सुटले. पण आमचे हे हसले! "एवढंच ना? उद्यापासून न चाळता दे. गोळीबिळी काही नको मला."

मी भावोजींकडे डोळे वटारले. 

"दादा, गोळी घे. नुसत्या पुडीने भागत नाही."

"तुझं कसं भागतं मग?"

"मी गोळी घेतो."

"कधीपासून?"

"पुड्या विकायच्या आधीपासून."

मेला! माझ्या तोंडापर्यंत शिव्या आल्या होत्या. पण त्याआधीच हे उठले, कपाटातून गोळी काढली, भावाच्या समोर उभं राहून पाण्याबरोबर गिळली. पेला खाली ठेवला.

"घेतली," ते म्हणाले. "आता जा. आणि परत या घरात येऊ नकोस."