जाळी काढायचे तीन फोन

हे मी कोणालेच सांगतलं नाही. आईले नाही, बहिणीले नाही. जिले मी डब्यात काय आणलं त्याचा भी फोटो पाठवते, त्या मैत्रिणीले भी नाही. तुले सांगून राहिली. फटाफट टाईप करते — थांबली तर सगळं मिटवून टाकीन.

माहे बाबा वाडीले एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाले होती तेव्हा ते ट्रकवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, डोक्यात रक्तस्राव. मंग पायात रक्ताच्या गाठी झाल्या — आणि डोक्यामुळं रक्त पातळ करायचं औषध देता येईना. गाठ सरकून फुप्फुसात गेली असती तर संपलंच होतं. म्हणून पोटातल्या मोठ्या नसेत जाळी बसवली. छत्रीच्या काड्या असतात ना, तशी, बोटाएवढी. गाठ तिथंच अडकते. पण हे कायमचं नव्हतं. तीन-चार महिन्यांनी काढायची, दवाखान्यातून फोन करू, डॉक्टर म्हणाले.

फॉर्मवर नंबर माहा. गॅस, बँक, राशन — आमच्या घरी सगळीकडं माहाच. बाबा म्हणे, "पोरीचा लिहा जी, तेच पाहते सगळं."

पहिला फोन आला तेव्हा मी गॅदरिंगच्या डान्स प्रॅक्टिसमध्ये. "हो हो ताई, सांगते" — आणि विसरली. दुसऱ्यांदा म्हटलं, पुढच्या हप्त्यात येतो. बाबा तर चालू लागले होते, कामावर भी जाऊन राहिले होते. घाई काय? तिसऱ्यांदा त्या ताई म्हणाल्या, "उशीर झाला बेटा, जाळी नसेले चिकटते, मंग निघत नाही. बाबाले फोन दे."

बाबा बाजूच्याच खोलीत होते. फोन दिला असता तर आधीचे दोन फोन उघडे पडले असते. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी म्हटलं — "काढली ना ताई. पुण्याले. काकाकडं." एका दमात. मले पुण्याले कोणी काका नाही.

फोन बंद झाले. बाबांनी एकदा बूट घालता घालता विचारलं, "काहून वं, त्या जाळीचा फोन नाही आला?"

"नाही ना बाबा. येईल."

तेव्हा तरी सांगता आलं असतं का? आलं असतं.

पाच वर्षं गेली. यंदा बाबाचं पोट दुखू लागलं, पाठ दुखू लागली. त्याच दवाखान्यात स्कॅन केलं, त्यात दिसलं — जाळीच्या काड्या नस फोडून बाहेर आल्या, एक आतड्याले टेकली. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं कशी राहू दिली? बाबा म्हणाले, "आमाले कोणी बोलावलंच नाही जी."

मंग त्या फोनवाल्या ताईले बोलावलं. त्यांनी रजिस्टर आणलं. लिहिलेलं होतं — जाळी पुण्यात काढली, मुलीने फोनवर सांगितले. संगं आलेला मामा उखडला. "मनानं लिहिता का हो? पुण्याले आमचं कुत्रं भी नाही!"

त्या माह्याकडं पाहू लागल्या. "तुम्हीच बोलल्या होत्या ना?"

आणि मी — मी म्हटलं, "मले फोन आलाच नाही."

"माही पोरगी खोटं बोलत नाही, बाई," बाबा म्हणाले. ताईनं रजिस्टर बंद केलं. पुढच्या तपासणीले गेलो तर त्या टेबलावर दुसरीच मुलगी बसून. त्या कुठं गेल्या, मी विचारलं नाही.

ऑपरेशन दुपारभर चाललं. मानेतून नळी टाकून, चिकटलेलं मांस लेझरनं जाळत जाळत जाळी ओढली. मधात नस फाटली, रक्ताच्या बाटल्या आणायले मामा धावला. मी खुर्चीवर बसून होती. भीती वाटली नाही, रडू आलं नाही, काहीच नाही. बाबा वाचले. पण एक काडी तुटून आतच राहिली. ते आता काढायची नाही, काढायले गेलं तर जीव जाईन म्हणाले.

बाबाले आता वजन उचलता येत नाही. घरी कोणी पाहायले आलं का सांगतात, "दवाखानावाले विसरले, पण माही पोरगी दारातून हालली नाही."

मी बाजूलेच बसून असते. मान हलवते.