दहावी गोळी वानगीची

वानगीमामूंनी आयुष्यात कुठलीही वस्तू पूर्ण संपवली नाही. गव्हाचं पोतं तळाला आलं की मूठभर गहू बाजूला. नवी चहापत्ती आणली की चिमूटभर पुडीत. धाड या आमच्या गावी, आमच्याच गल्लीत त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान होतं. गादी भरून दिली की गिऱ्हाइकाच्या कापसातला बोटभर कापूस ते कागदात गुंडाळायचे, वर नाव आणि तारीख लिहायचे आणि पुडी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे. नवखा माणूस ती भिंत पाहून दचकायचा. "मामू, हे काय जादूटोणा हाये का?" मामू कापूस पिंजायच्या धनुकलीची तात ताणत म्हणायचे, "वानगी हाये. उद्या तू म्हनशीन मामूनं कापूस बदलला. तवा हे तुह्या तोंडावर मारीन!"

हे खूळ काही जन्मापासूनचं नव्हतं. मामूंची तीन एकर कपाशी होती. बीटी आली, ज्याच्या त्याच्या तोंडी बीटी. एका साली बाजाराच्या दिवशी जीपमधून बियाणं विकणाऱ्याकडून मामूंनी पाकिटं घेतली. निम्मं उगवलंच नाही. उगवलं त्याला बोंडं धरली नाहीत. तक्रारीवर साहेबलोक पाहणीला आले आणि म्हणाले, रिकामं पाकीट दाखवा, टॅग दाखवा, थोडं शिल्लक बियाणं दाखवा. कुठून दाखवणार? पाकिटात मामीनं मीठ भरलं होतं, टॅग चुलीत गेला होता आणि बियाण्याचा दाणान्‌दाणा मातीत. साहेबांनी कागदावर लिहिलं, लागवड खोल झाली, ओल कमी होती. मामू ते मरेपर्यंत विसरले नाहीत. "चोरी त्यानं केली आन् गुन्हा माह्या हातावर लिहिला!" त्या दिवसापासून वानगी सुरू झाली आणि गावानं नावच पाडलं, वानगीमामू.

मी त्याच गल्लीतला, पुढं तिथल्याच शाळेत मास्तर झालो. मामू चारचौघांत मला 'गुरुजी' म्हणायचे, पण चिडले की 'बे' आलंच.

मामीला लग्नाआधीपासून मिरगी होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लावून दिली आणि दहा-बारा वर्षं झटका म्हणून आला नाही. गोळ्यांचं पाकीट दहाचं. मामी नऊ खायची. दहावी तशीच पाकिटात ठेवून मामू ते पाकीट खिळ्याला लावायचे आणि लगेच दुसऱ्या दिवशी नवं पाकीट फोडायचे. मी हसायचो. "मामू, गोळी काय बियाणं आहे का?" ते म्हणायचे, "बियाणं पेरून निदान डोयानं दिसते. गोयी पोटात पेरली, कोनाले दिसते?"

गोळ्या आणायला बुलढाण्याला जावं लागायचं. कधी एसटी चुकायची, कधी दुकानात माल नसायचा. आणि इथं माझी अक्कल पाजळली. नवा मोबाइल घेतला होता, त्यावर औषधं मागवता येतात हे कळलं होतं. तेच नाव, तोच डबा, वरून स्वस्त, वरून घरपोच. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा मागितली नाही त्यांनी, आणि मूर्खाला मला ती सोय वाटली! मामूंच्या नावानं मागवत गेलो. पहिल्याच पाकिटातली गोळी मामूंनी चिमटीत दाबून पाहिली. चाळीस वर्षं कापसाचा धागा जोखलेली बोटं ती. म्हणाले, "भुसभुशीत हाये बे. पह्यली अशी नव्हती." मी म्हणालो, "कंपनी बदलते हो काही-बाही." मला पाचवीच्या पोरांना शिकवायची सवय, मी मामूंनाही शिकवलं.

दोन महिन्यांत मामीला झटका आला. सकाळी भाकरी करता करता ती चुलीवरच कोसळली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आठवड्यात दुसरा झटका. मामू तिला घेऊन बुलढाण्याला गेले, सोबत मी. डॉक्टरांनी पाकिटं पाहायला मागितली. मामूंनी पिशवी उलटी केली. प्रत्येक पाकिटात एकेक गोळी शिल्लक. डॉक्टर भडकलेच. "गोळ्या चुकवता आणि मग माझ्याकडं रडत येता? बाईचा जीव जाईल अशानं!"

मामू टेबलावर हात आपटून उभे राहिले. त्यांना इतकं लाल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "एक बी गोयी चुकली नाही तिची. हे वानगी हाये! बियाणं उगवलं नाही तवा माहे हात खोटे, आन् आता गोयी लागली नाही तं माही बायको खोटी? गोयी खोटी हाये असं काऊन नाही म्हनत तुम्ही?" डॉक्टरांनी मान हलवली आणि बुलढाण्याच्याच दुकानातून गोळ्या घ्यायला सांगितल्या. त्या सुरू केल्या आणि झटके थांबले. गोळ्याच खोट्या होत्या हे आता कुणी सांगायची गरजच उरली नाही. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी रडलो, खोटं कशाला बोलू. मामीचा बांधलेला हात पाहवत नव्हता. "मामू, हे माझं पाप." मामू म्हणाले, "रडून राह्यला काऊन बे? लिहिता येते ना तुले? लिही मंग."

मी लिहिलं. जुन्या, खऱ्या पाकिटावर कंपनीचा पत्ता होता, तिथं मी मागवलेल्या पाकिटांवरच्या लॉट नंबरांचे फोटो पाठवले. पंधरा दिवसांत कंपनीचा एक साहेब आणि एक वकील गाडी घेऊन धाडला आले. साहेब म्हणाले, या लॉटचं औषध आम्ही बनवलंच नाही. आमच्या नावानं कुणीतरी ऑनलाइन नकली माल विकतोय, आम्ही त्याच्यावर दावा लावतोय. तक्रारी पुष्कळ आल्या, पण सगळ्यांनी गोळ्या खाऊन टाकल्यात. रिकाम्या पाकिटावरून आत काय होतं ते सिद्ध कसं करणार?

मामूंनी खिळ्यावरून सहा पुड्या काढून सतरंजीवर मांडल्या. प्रत्येकीत पाकीट, पाकिटात न फोडलेली दहावी गोळी, सोबत कुरिअरचं वेष्टण, वर तारीख. साहेब उठून उभेच राहिले. हात पुढं करून म्हणाले, "सगळ्या द्या."

"सगळी वानगी कोनी देते का? पाच घ्या, सही करून घ्या. एक माह्यापाशी राहीन."

वकील समजावायला लागले, दावा कंपनीच्या नावाच्या बदनामीचा आहे, वगैरे. मामूंनी त्यांना मध्येच तोडलं. "नाव तुमचं, हात माह्या बायकोचा जयला. दोन्ही लिहा. नाहीतं वानगी खिळ्यावरच बरी." वकिलांनी दोन्ही लिहिलं.

साक्षीला मोठ्या शहरातल्या कोर्टात जावं लागलं. तपासणीचा अहवाल आला होता: गोळ्यांत औषध नावालाही नव्हतं. तरी विकणाऱ्याचा वकील गुळगुळीत आवाजात म्हणाला, "म्हणजे आपण स्वतःच कबूल करता, दर पाकिटामागे एक गोळी आपण पत्नीला दिली नाही. झटके त्यामुळंच आले असणार." मला बियाण्याच्या साहेबलोकांचा तो कागद आठवला. पुन्हा तेच, लागवड खोल झाली.

मामू शांत होते. "वकीलसाहेब, तुमच्या घरी भात शिजला का पाहाले एक शीत दाबून पाहतेत ना? त्या एका शितापायी घरातलं कोनी उपाशी राह्यलं का?" कोर्टात हशा पिकला. मामू हसले नाहीत. "नऊ खाल्ल्या, दहावी ठेवली, अकराव्या दिवशीची... नाही, दहाव्या दिवशीची नव्या पाकिटातून दिली. रोज. माह्या हातानं. लिहून घ्या." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

विक्री बंद करायचा हुकूम झाला, त्या माणसाचं गोदाम सील झालं. परतताना मामू धाडला उतरलेच नाहीत. तसेच बुलढाण्याला डॉक्टरांकडं गेले आणि मामीच्या जुन्या कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतलं: रुग्ण औषध नियमित घेत होती. डॉक्टरांनी खाली सही केली आणि "माझं चुकलं" म्हणाले. तो कागदही खिळ्याला लागला.

मामू गेले त्या साली कपाशीवर गुलाबी अळी पडली होती. झोपेतच गेले. नवऱ्यामागं पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपल्यावर मामीनं मला बोलावून घेतलं. मामूंची गादी उसवून तिनं बोटभर कापूस काढला होता आणि भाजलेल्या हाताच्या आखडलेल्या बोटांनी कागदात गुंडाळला होता. मामीला लिहिता येत नव्हतं.

मी पेन काढलं. "काय लिहू मामी? नाव?"

"नाव कायले? नावानं तं नकली बी इकतेत," मामी म्हणाली. "असल हाये, असं लिहा."