उघाडीची पाचर

माझे सासरे दिनानाथ हे गावाच्या लेखी देवमाणूस. मी त्यांची सून, रोज त्यांच्या चिखलाच्या पायांनी माखलेली ओटी पुसणारी, त्यामुळे मला थोडं वेगळं बोलायची मुभा आहे.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि त्या बांधात उघाडी. उघाडी म्हणजे पाणी जायचं तोंड, त्याला लाकडाची झडप. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं खारं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. मी पालीची, डोंगराकडची. पाणी आत येऊ नये म्हणून माणसं जिवाचं रान करतात हे मला लग्नानंतर कळलं.

अमावास्या-पुनवेला उधाण आलं की बाबा भरलं ताट सोडून बांधावर जातात. खेकड्यांची बिळं बुजवतात, झडप हलवून बघतात. पगार नाही, कुणी नेमलेलं नाही. अंगात ताप असला तरी जाणार. माझ्या नवऱ्याला, निकेतला, एकदा विचारलं, तर म्हणाला, "त्यांचं तसंच आहे." ह्या घरात उत्तरं अशीच मिळतात. तसंच जिताड्याचं. जावई आला की तळ्यातला जिताडा काढायचा, हा इथला मान. बाबा त्या माशाला शिवत नाहीत. घरात तो शिजला तर उठून अंगणात बसतात.

माझ्या सासूबाईंना, सगुणाआईंना, ह्यातलं काहीच विचित्र वाटत नाही. त्यांना एकच गोष्ट सांगायला आवडते. त्यांचं माहेर ह्याच गावातलं. चाळीसेक वर्षांपूर्वी नारळी पुनवेच्या उधाणात बांध फुटला आणि सगळ्यात आधी त्यांच्या बापाचं शेत बुडालं. उभं भात खारं पाणी पिऊन जळालं. पुढे तीन वर्षं त्या जमिनीत गवतही धड उगवलं नाही. आईंचं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हा बाबा आपल्या पायांनी मागणी घालायला गेले, काही न घेता. "मला मागून नेलीय," आई पापड लाटताना सांगतात, आणि तेवढ्या वेळापुरत्या त्या वीस वर्षांच्या होतात.

गेल्या महिन्यात एका दुपारी वलीचाचा आले. बाबांचे लहानपणचे दोस्त, उभा जन्म कुवेतला काढून आता गावात स्थायिक झालेले. सोबत तिसरे दोस्त भिकूकाका, ज्यांचे ट्रक अख्ख्या पेण तालुक्यात धुरळा उडवतात. वलीचाचांनी आत येताच ओटीचं दार लावून घेतलं. मी चहाचा ट्रे घेऊन आत अडकले. स्वयंपाकघराकडे नुसता पडदा, आणि पडद्यामागे आई तांदूळ निवडत होत्या.

"दिना, मी हजला चाललोय," वलीचाचा म्हणाले. "जायच्या आधी मानसांची माफी मागून जावं लागतं. मला माफ कर. त्या दिवशी पाचर मी काढली न्हाय."

बाबांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं दुखायला लागलं त्यांना. "कसली पाचर? चहा पी," ते म्हणाले.

"उघाडीची. जिताड्याची पिल्लं आत यावीत म्हणून आपन तिघांनी झडपेत लाकूड ठोकलं व्हतं. भरती पुरी चढायच्या आत काढायचं काम माझं. एजंटचा निरोप आला, पासपोर्ट झाला म्हणून. मी पलालो घरी. कसम अल्लाची, विसरलो रे, आनि त्याच उधाणात बांध फुटला."

मला ट्रे जड व्हायला लागला, मी तो खाली ठेवला. बाबांनी पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "युक्ती माझी. पाचर ठोकली मी. तवाच सांगितलंय तुमाला, मीच केलं, तुमी गप रावा. आता कशाला उकरतोस?"

आणि मग भिकूकाका हसले. देवाशपथ, हसले! "येडे हाव तुमी दोघं. पाचर मी काढली. वली आला न्हाय म्हणून मी गेलो, ह्या हातानं उपटली, खाडीत फेकली."

बाहेर कोंबडी ओरडत होती, तीही त्या वेळी मला आगाऊ वाटली.

"मंग पानी आलं कुठून?" बाबांनी विचारलं.

"खेकड्यांनी बांध पोखरला असंल. मला काय ठावं? तू दुसऱ्या दिवशी बोललास मीच केलं. मला वाटलं, तू मागून जाऊन परत ठोकलीस."

"मी न्हाय गेलो परत."

"नक्की?"

बाबा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. वलीचाचांनी भिकूकाकांचा हात धरला. "तू काढलीस ती पुनवेलाच ना? का आदल्या दिवशी? आपन रोज ठोकत व्हतो, रोज काढत व्हतो."

भिकूकाकांचं हसू तिथेच विरलं. "पुनवेलाच. पाऊस व्हता... पाऊस दोन्ही दिवस व्हता." त्यांनी कपाळ चोळलं. "न्हाय रे. आता मला बी सांगता येत न्हाय."

मी पडद्यापाशी उभी राहून वैतागले होते, खोटं कशाला बोलू. तीन म्हातारे, एक लाकडाचा तुकडा, आणि कुणाला धड एक गोष्ट आठवत नाही! पण बाबांकडे बघितलं आणि राग गळाला. त्यांना सुटका झाल्याचा आनंद व्हायला हवा होता. ते मात्र गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखे इकडेतिकडे बघत होते. मग एकदम खाटेवर हात आपटून ओरडले, "मीच केलं! माझं हाय ते! मी काय उगाच झिजवला जलम?"

"हळू बोला बाबा," मी म्हटलं. "आई आत आहेत."

उशीर झाला होता. पडदा सरकला. आईंच्या हातात सूप तसंच होतं.

"म्हनजे माझ्या बापाचं शेत," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. वलीचाचा उठून उभे राहिले. आईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "म्हनजे मला मागून नेलीत, ती फेडायला?"

मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. बाबांनी नाही म्हणावं, खोटं का होईना, असं मी मनातल्या मनात गणपतीला सांगत होते. आमच्या पालीच्या गणपतीला.

"व्हय," बाबा म्हणाले. "पयल्यांदा आलो तो फेडायलाच आलो."

"मंग तवाच सांगायचं व्हतं."

"सांगनार व्हतो. तुज्या बापासमोर बसलो व्हतो, सांगायलाच. तू पानी घेऊन आलीस." बाबा बोलताना अडखळले. "सांगितलं असतं तं तू आली असतीस माझ्या घरात?"

"न्हाय."

"म्हनून न्हाय सांगितलं."

आई रागावल्या होत्या की रडणार होत्या, मला ओळखू येईना, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. मग त्यांनी सूप माझ्या हातात दिलं, आणि माझ्या देखत आजवर कधी बसल्या नव्हत्या तशा पाहुण्यांसमोर खाटेवर बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"वलीभाव, तुमी जावा हजला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या माफीचं मी बघते."