तिले सांग
वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मी बेंजो शिकले, तो सासूबाईंच्या तोंडून. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ही एकोणीसशे सत्तरनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. करडीला आमचं घर, आणि मी मोहाडीच्या कचेरीत टायपिस्ट. लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी चुलीच्या धुराचं निमित्त करून रडत असे. संध्याकाळी ओसरीवर मामाजी, म्हणजे माझे सासरे, भजन म्हणायचे आणि त्यांचे एक मित्र बेंजोवर साथ करायचे. त्या आवाजामुळेच मी त्या घरात रमले. पुढे ते मित्र मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि बेंजो आमच्याकडे ठेवून गेले. मामाजींनी तो जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि गाणंच सोडलं. दोन वर्षं घर मुकं होतं. मला ते सोसेना. त्यांना पुन्हा गाताना ऐकायचं, या एका हट्टापायी मी तो बेंजो खाली काढला.

बेंजोवर टाइपरायटरसारखी बटणं असतात. मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने तारा छेडायच्या. त्यासाठी तुटक्या कंगव्याचा तुकडा घेतला. पण कचेरीची सवय नडली. मी बटण ठोकायची आणि लगेच सोडायची, सूर लागायच्या आतच विझायचा. भजन कसलं, तहसीलदारांची नोटीसच वाजत होती.

आमच्याकडे तेव्हा सून-सासरे एकमेकांशी थेट बोलत नसत. मी ओसरीवर बसायची, मामाजी माझ्याकडे पाठ करून अंगणात. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, बटन दाबून धर म्हना. ठोकून काहून सोडते?"

सासूबाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या. मी सगळं ऐकलं होतं. तरी त्यांनी रीतसर मान वळवली. "दाबून धर म्हनतेत. मले काही समजत नाही, बाई."

पावसाळाभर हेच चाललं. सासूबाई निरोप पोचवायच्या, पण स्वतःची भर घालून. "हळू वाजव म्हनतेत, अन् चुलीवर दूध उतू जाऊन राहिलं."

माझा हात सुधारत गेला. मामाजी मात्र गायला तयार नव्हते. सूचना शंभर, सूर एक नाही. कधी कधी मला त्यांचा रागच यायचा.

मग एका रविवारी सासूबाई बाजाराला गेल्या. मामाजींचं आवडतं भजन मी वाजवायला घेतलं आणि अंतऱ्याला नेहमीसारखी चुकले. अंगणातून "तिले..." एवढंच आलं आणि थांबलं. निरोप न्यायला कोणी नव्हतं. मी पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकले. दुसरी चूकही खरीच होती. तिसरी मात्र मी मुद्दाम केली.

मामाजी खाकरले आणि समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली. आवाज थोडा गंजला होता, पण तोच होता. मी बटण घट्ट दाबून धरलं. पुढची ओळ आली, तिच्या मागून आणखी एक. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि या वेळी चूलसुद्धा पेटलेली नव्हती.

भजन संपल्यावर पाहिलं तर सासूबाई फाटकापाशी डोक्यावर टोपली तशीच घेऊन उभ्या होत्या. आत आल्या आणि वांगी काढून ठेवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा बसले. मामाजी सवयीने म्हणाले, "तिले सांग..."

सासूबाईंनी भाजीवरून मानसुद्धा वर केली नाही. "मले कायले सांगता? गाऊन सांगा ना तिले."