मामांनी चालवलेली वायर

दवाखान्यातून ह्यांचा फोन आला तेव्हा मी वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर एका पुस्तकाची पानं लावत होते. "गेले..." एवढंच बोलले. त्याला आता पाच आठवडे झाले. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे. भेटायला येणारे "सुटले बिचारे" म्हणतात. मामा बिचारे नव्हते, म्हणून हे लिहितेय.

मामा टेलिफोनचे लाइनमन. मंठ्यापासून घनसावंगीपर्यंतचे खांब चढलेले. निवृत्तीनंतर साखरेनं तीन वर्षांत दोन्ही डोळे नेले. मस्तगडचं हे घर त्यांनी उभं राहून बांधून घेतलं, आणि त्याच घरात आम्ही त्यांना हाताला धरून एका खुर्चीतून दुसरीत बसवायला लागलो. ते जेवले का, हे लोक त्यांच्यादेखत मला विचारायचे. मीही उत्तर द्यायचे... आज त्याची लाज वाटते.

लावलेली पानं मी सीडीवर घालून औरंगाबादला पाठवायचे. एक दिवस छापखान्यातून निरोप आला, पुढच्या महिन्यापासून इंटरनेटवरून पाठवा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. इंटरनेटचा डबा खाली फोनजवळ, कॉम्प्युटर वर. बाहेरून टाकलेली वायर वानरांनी दोनदा तोडली. शेवटी सलीम वायरमन म्हणाला, "भाभी, भिंत फोडावी लागेल."

खुर्चीतून मामा बोलले, "कशाला? आत पाईप हाय. मीच टाकलाय."

बांधकामाच्या वेळी फोन वर नेण्यासाठी त्यांनी भिंतीत प्लास्टिकचा लवचिक पाईप पुरला होता. फोनची जुनी वायर आत तशीच होती. सलीमनं तिच्या खालच्या टोकाला नवी वायर बांधली, वर जाऊन खेचली. हातभर सरकली आणि अडकली. त्यानं जोर लावला.

"थांब," मामांनी खालून हाक दिली. "जुनी तुटली तर मंग खरंच भिंत फोडशील. मागं घे, जोड माझ्या हातात दे."

जोड त्यांनी बोटांत फिरवला. "गाठ जाड झाली. वळणावर ही जायची न्हाई." गाठ सोडली, आतल्या तारा कमीजास्त लांबीच्या कापल्या, जोड निमुळता करून वरून चिकटपट्टी ताणून गुंडाळली. वायर सरकावी म्हणून मला तिला पावडर लावायला सांगितली. "आता मी वर बसतो. तू खालून दे."

"मामा, तुम्ही बसा, मैं करता ना."

"तुला डोळे हायेत, म्हणून घाई करून राह्यला."

जिन्यात मी हात पुढे केला. त्यांनी घेतला नाही. भिंतीला हात लावत चढले. वर मांडी घालून बसले, दोन बोटांत वायर धरली. "दे... थांब. जिन्याच्या वळणावर हाय. जरा मागं घे... आता दे." तीन वळणं होती. तिन्ही त्यांना पाठ. निळं टोक बाहेर आलं तसं त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. "घे सूनबाई. लाव तुझं."

संध्याकाळी पानं औरंगाबादला पोचली. मी सांगायला खाली आले.

"सगळी? बराबर?"

"हो मामा."

मग त्यांनी चहा मागितला.

पुढची दोन वर्षं जिथं वायर अडेल त्या घरी सलीम मामांना स्कूटरवर घेऊन जायचा. मामा आदल्या दिवशीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगायचे. लोक आता थेट त्यांच्याशी बोलायला लागले होते.

परवा शेजारी सलीमचं काम चालू होतं. मी दारातून पाहिलं. वायर मध्येच अडकली होती. शेजारीण म्हणाली, "लाईट लावू का?"

"राहू द्या," म्हणत सलीमनं डोळे मिटले, दोन बोटांत वायर धरली, आणि खालच्या माणसाला हळूच म्हणाला, "दे..."